होल्डनची लाल टोपी नेमकं काय सांगते?

जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १९५१ साली आली. तिचा १६ वर्षांचा नायक होल्डन न्यूयॉर्कमध्ये एका डॉलरला लाल शिकारी टोपी घेतो आणि ती उलटी घालतो. पण लोक वेडा समजतील म्हणून हॉटेलात शिरण्याआधी काढूनही ठेवतो. वेगळं दिसायचंय, पण हसं व्हायला नको!

टोपी लालच का? ल्युकेमियाने गेलेला धाकटा भाऊ ॲली आणि बहीण फीबी, दोघांचेही केस लाल. म्हणून अनेक वाचकांना या टोपीत भावाच्या जाण्याचं दुःख दिसतं.

होल्डन ही टोपी फीबीला देतो. शेवटी पाऊस सुरू होत असताना तीच ती त्याच्या डोक्यावर घालते. सगळ्या मुलांना वाचवायला निघालेल्या होल्डनला १० वर्षांची बहीण सांभाळते.