पूल रिकामा करताय? आधी विहिरीत डोकावा!

अलिबागजवळ आमच्या घरामागे एक छोटा स्विमिंग पूल आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून लोक राहायला येतात, आणि खरं सांगायचं तर ते आमच्यासाठी नाही, पूलसाठी येतात. फोन आला की पहिला प्रश्न तोच, "पूल चालू आहे ना?" त्यामुळे टाईल्स निघायला लागल्या आणि कडा पायाला कापायला लागल्या, तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं की जुलैमध्ये काम उरकून घ्यायचं. पाहुणे कमी, कंत्राटदार मोकळा, रेटही कमी.

पूल उपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोल बाजूला टाईल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपताना दिसलं. आम्हाला वाटलं रात्रीच्या पावसाचं असेल. दुपारपर्यंत तळाचा एक भाग फुगल्यासारखा दिसायला लागला आणि टाईल्स टक्-टक् आवाज करत सुटायला लागल्या. शेजारचे तात्या बघायला आले आणि म्हणाले, "अरे, विहीर बघितलीस का? पाणी हाताला लागतंय. आणि तुम्ही टाकी रिकामी करून बसलायत!"

बाबांनी लगेच मोटर लावली आणि विहिरीचंच पाणी पूलमध्ये सोडलं, रात्रभर. तळाला एक भेग गेली, पण पूल जागेवर राहिला. थोडक्यात वाचलो. त्यानंतर मी मोबाईलवर वाचून, गवंड्यांना विचारून आणि स्वतः हिशेब करून जे शिकलो, ते इथे सांगतोय.

रिकामा पूल म्हणजे होडी

रिसरफेसिंग म्हणजे पूलचा आतला थर काढून नवीन बसवणं. हा थर टाईल्सचा, प्लास्टरचा किंवा इपॉक्सी पेंटचा असतो. त्यासाठी पूल रिकामा करावाच लागतो, आणि धोका तिथेच आहे.

समजा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून तळ सपाट धरू. यात साधारण ४५ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे ४५ टन वजन. भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाड आरसीसीचे असतील तर नुसत्या टाकीचं वजन भरतं सुमारे ३६ टन. आता आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी वरपर्यंत आलंय असं समजा. टाकी जितकी जागा अडवते तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला खालून वर ढकलतो. तो येतो जवळपास ५९ टन! पूल भरलेला असतो तेव्हा आतलं पाणी त्याला दाबून धरतं. रिकामा केला की ३६ टनांची टाकी विरुद्ध ५९ टनांचा जोर, असा सामना होतो.

जमिनीतलं पाणी अगदी वरपर्यंत यायचीही गरज नाही. याच पूलमध्ये ते जमिनीच्या दोन फूट खाली असलं, तरी वजन आणि जोर सारखे होतात. पूल अख्खा उचलला जाण्याआधीच सहसा तळ फुगतो आणि तडकतो. आमच्याकडे तेच झालं. कोकणात जुलैमध्ये विहीर किती भरते हे मी लहानपणापासून बघतोय, पण विहीर आणि पूल एकाच पाण्यात उभे आहेत हे डोक्यात आलंच नाही.

यासाठी तळाच्या ड्रेनमध्ये एक झडप बसवलेली असते, हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह. बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि जमिनीतलं पाणी आत येऊ देते. पूल थोडा भरतो, पण वाचतो. आमच्याकडे ती होती. मागच्या वेळी टाईल्स लावणाऱ्याने ती सिमेंटने बुजवून टाकली होती, हे नंतर खोदल्यावर कळलं. जुन्या पूलमध्ये ती आहे का आणि चालते का, हे उपसायच्या आधी विचारा.

मग थर खराब होतोच का?

आम्ही क्लोरीनला दोष देत होतो. खरा दोषी बऱ्याच अंशी पाऊस आहे.

पावसाचं पाणी मृदू असतं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि ते किंचित आम्लधर्मी असतं. असं पाणी भुकेलं असतं म्हणा. ज्याची कमतरता आहे ते कॅल्शियम ते सिमेंटमधून ओढून घेतं. पहिला बळी सिमेंट ग्राउटचा, मग प्लास्टरचा. ग्राउट गेला की पाणी टाईलमागे शिरतं आणि टाईल सुटते.

अलिबागकडे पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आमच्या १.४ मीटरच्या पूलमध्ये एका हंगामात त्याच्या स्वतःच्या खोलीपेक्षा जास्त पाणी वरून येतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. जूनमध्ये पाण्याचा कठीणपणा ३०० पीपीएम असेल आणि मध्ये काहीच घातलं नाही, तर सप्टेंबरअखेर तो ७५ च्या आसपास येतो. पूलसाठी २०० ते ४०० चांगला धरतात. म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाणी महिनोन्महिने भिंत कुरतडत असतं. दिसायला मात्र निळंशार!

एप्रिल-मेमध्ये चित्र उलटं. पाणी वाफ होऊन जातं, आपण बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी भरत राहतो, क्षार वाढत जातात आणि काठावर पांढरी खरखरीत पापडी धरते. तीच पायाला टोचते.

इथे एक गैरसमज. घरात आरओसाठी घेतलेला पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून "पाणी ठीक आहे" म्हणू नका. टीडीएस म्हणजे सगळे विरघळलेले क्षार, मीठसुद्धा. त्यातलं कॅल्शियम किती, हे तो सांगत नाही. कठीणपणा, अल्कलिनिटी आणि पीएच यांची टेस्ट किट वेगळी घ्या. तापमानासकट हे आकडे एलएसआय मोजणाऱ्या ॲपमध्ये टाका. ओरेंडाचं ॲप फुकट आहे. उत्तर शून्याच्या जवळ, म्हणजे उणे ०.३ ते अधिक ०.३ च्या आत हवं. फार उणे असेल तर पाणी भिंत खातंय, फार अधिक असेल तर पापडी धरणार.

फोनचा खरा उपयोग

टेस्ट स्ट्रिपचा फोटो काढून रंग ओळखणारी ॲप्स मी वापरून बघितली. पिवळ्या बल्बखाली एक आकडा, उन्हात दुसरा. कॅमेरा स्वतःहून रंग बदलतो, त्यामुळे सावलीत धरून डोळ्यांनीच जुळवलेलं बरं.

फोन कामाला येतो तो नोंदी ठेवायला. विहिरीच्या काठावरून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि टेपसकट फोटो काढायचा. दर रविवारी, बस. वर्षभरात तुमच्या जागेचा असा तक्ता तयार होतो की कुठलंच ॲप देणार नाही. मात्र विहीर आणि पूल यांची जमीन एका पातळीत आहे का ते बघा. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल नळी असते, तिने दोन मिनिटांत कळतं. फोनमधलं लेव्हल ॲप इतक्या अंतरावर काही कामाचं नाही. विहीर नसेल किंवा लांब असेल, तर पूलच्या खोल बाजूशेजारी तळाच्याही खाली जाईल असा भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप उभा पुरून घ्या. त्यात दिसेल ती जमिनीतल्या पाण्याची पातळी. वेळ आली तर त्यातूनच पंपाने पाणी उपसता येतं.

गळती तपासायला बादली पुरते. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी मार्करने आखा, फोटो काढा, मोटर बंद ठेवा आणि २४ तासांनी परत फोटो काढा. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहे, सारखाच उतरला तर नुसती वाफ. हे पाऊस नसलेल्या दिवशीच करा, नाहीतर काहीच कळणार नाही.

आणि रात्री रिकाम्या पूलमध्ये फोनचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. दिवसा न दिसणारा प्रत्येक फुगवटा आणि भेग सावली टाकते. तिथे हातोडीच्या दांड्याने ठोकून पोकळ आवाज आला की खडूने गोल करा.

दुसऱ्यांदा, यावेळी नीट

आम्ही डिसेंबरात काम काढलं. विहिरीचं पाणी पूलच्या तळाच्या खाली गेल्याचे फोटो हातात होते. मे महिना नको, कारण रणरणत्या उन्हात टाईलचं ॲडेसिव्ह लावल्यावर काही मिनिटांतच त्यावर साय धरते आणि टाईल वरवर चिकटते. हिवाळ्यातही आम्ही वर हिरवी शेडनेट बांधली होती. बोट लावून बघायचं. बोटाला चिकटलं नाही तर तो थर खरवडून काढायचा. आमचा गवंडी सुरुवातीला कुरकुरला, मग स्वतःच बोट लावायला लागला.

कोटेशन घेताना क्षेत्रफळ स्वतः काढा. पूल ८ बाय ४ म्हणजे ३४४ चौरस फूट असं वाटतं, पण भिंती धरून आतला पृष्ठभाग होतो सुमारे ७०६ चौरस फूट. दोन कंत्राटदारांचे आकडे दुपटीने वेगळे असतील तर आधी हेच तपासा.

पोकळ भाग काढून, भेगा भरून, वॉटरप्रूफिंगचे थर दिल्यावर आम्ही टाईल्सआधी पाणी भरून तीन दिवस ठेवलं. कंत्राटदाराला हे वेळ घालवणं वाटत होतं. बाबा ठाम राहिले आणि पाईपच्या तोंडाशी एक गळती सापडलीच. टाईल्स लागल्यावर ती सापडली असती तर सगळं परत फोडावं लागलं असतं.

ॲडेसिव्ह आयएस १५४७७ चा आणि पाण्याखाली चालणारा, हे पाकिटावर वाचून घेतलं. ग्राउट मात्र इपॉक्सीचा. महाग आहे, लावायला किचकट आहे, पण पावसाचं मृदू पाणी त्याला खात नाही. इपॉक्सी पेंट करायचा विचार असेल तर एक फुकटची चाचणी आहे. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने तळाला चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम आलेला दिसला तर रंग लावू नका, फोड येऊन निघणारच.

ग्राउटनंतर आम्ही तीन आठवडे थांबलो आणि मग पाणी सावकाश भरलं, दिवसाला पाऊण मीटरपेक्षा कमी. सिमेंट प्लास्टरचा पूल असेल तर नियम उलटा आहे. काम झालं की लगेच भरायला घ्यायचं आणि मध्ये थांबायचं नाही, नाहीतर जिथे पाणी थांबलं तिथे कायमची रेघ उमटते.

आता पावसाळ्यात दर आठवड्याला अल्कलिनिटी बघतो, कमी झाली तर खायचा सोडा घालतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की कठीणपणा मोजतो. तो ७५ वरून २५० वर न्यायला आमच्या ४५ हजार लिटरला सुमारे ९ किलो कोरडं कॅल्शियम क्लोराईड लागतं. बाजारात मिळणाऱ्या फ्लेक्समध्ये पाण्याचा अंश असतो, त्यामुळे ते थोडे जास्त घ्यावे लागतात. बादलीत आधी पाणी घ्या आणि त्यात ते थोडं थोडं घाला, उलटं नको, कारण बादली चांगलीच तापते. एका दिवसात सगळं ओतू नका, आम्ही तीन दिवसांत वाटून घालतो. यंदा पहिला हप्ता घालताना तात्या कुंपणापाशी उभे होते. त्यांनी पूलकडे बघितलंच नाही, थेट विचारलं, "विहीर किती खाली गेली?"