पैसा देणाऱ्या संस्थेत शब्द कोण ठरवते?

समाजकार्याची पदवी घेतलेले आपले तरुण-तरुणी मोठ्या फाउंडेशनच्या नोकरीच्या जाहिराती पाहतात तेव्हा ‘प्रोग्राम ऑफिसर’ या पदापाशी थांबतात. त्याच यादीत खाली ‘स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन्स’ असे पद असते, ते मात्र सोडून देतात. फोटो काढायचे, पोस्ट टाकायच्या, वार्षिक अहवाल छापून घ्यायचा, एवढेच ते काम असावे असा समज आहे. काही ठिकाणी ते खरोखर तेवढेच असते. पण जिथे ते गांभीर्याने होते, तिथे एखाद्या प्रश्नाबद्दल समाज कोणत्या शब्दांत बोलणार, हे ठरवण्यात त्या खुर्चीचा मोठा वाटा असतो. त्या खुर्चीवर आपल्यातले किती जण आहेत?

अनुदान देणाऱ्या फाउंडेशनचे मुख्य काम स्वतः शाळा-दवाखाने चालवण्याचे नसते. मूळ निधी गुंतवलेला असतो आणि त्याच्या उत्पन्नातून इतर संस्थांना पैसे दिले जातात. मुंबईचा सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, अमेरिकेतले फोर्ड फाउंडेशन १९३६चे. यातल्या बहुतेकांना काही विकायचे नसते, लोकांकडून देणग्याही गोळा करायच्या नसतात. मग संवादाचा विभाग कशासाठी? कारण नुसत्या पैशाने कायदा बदलत नाही आणि लोकांचे मतही बदलत नाही. कोणी काय करायला हवे आहे, त्याला आज काय अडवते आणि कोणाच्या तोंडून ऐकले तर तो ऐकेल, हे शोधून त्यावर काम करणे म्हणजे रणनीतीपूर्ण संवाद. पोस्टला किती लाइक मिळाले, ही फार नंतरची गोष्ट.

याचे सर्वात शिकण्यासारखे उदाहरण अमेरिकेतल्या समलिंगी विवाहाच्या लढ्याचे आहे. विषय काहींना दूरचा वाटेल, पण पद्धत पाहा. २००४ मध्ये काही फाउंडेशननी एकत्र येऊन ‘सिव्हिल मॅरेज कोलॅबोरेटिव्ह’ हा सामायिक निधी उभा केला. ११ वर्षांत या फाउंडेशननी मिळून १५.३ कोटी डॉलर या कामात घातले. तरीही नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ८’ मंजूर करून असे विवाह बंद पाडले. पुढच्याच वर्षी मेन राज्यातही सार्वमतात हार झाली.

तोवर प्रचार हक्कांचा होता: विमा, कर, वारसा, समान लाभ. मुद्दे खरे होते, पण ऐकणारा हलत नव्हता. संशोधकांनी मधल्या, अजून मत न ठरवलेल्या लोकांना विचारले की तुमच्यासारखी माणसे लग्न का करतात? उत्तर यायचे, प्रेमासाठी, आयुष्यभर साथ देण्यासाठी. मग विचारले, समलिंगी जोडपी लग्न का करतात? अनेकांचे उत्तर, हक्क आणि फायदे मिळवण्यासाठी. म्हणजे चळवळीचे स्वतःचे पत्रकच लोकांना सांगत होते की हे लोक आपल्यापेक्षा वेगळ्या कारणाने लग्न करतात! मांडणी बदलली. प्रेम आणि बांधिलकी पुढे आली, आणि जोडप्यांबरोबर त्यांचे आईवडील, शेजारी, पाद्री बोलू लागले. २०१२ मध्ये त्याच मेन राज्यात सार्वमत जिंकले गेले आणि २६ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर हा अधिकार मान्य केला. न्यायालयीन लढाई आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांचे श्रम यात होतेच. सगळे श्रेय संवादाला देणे हा फाउंडेशनवाल्यांचा आवडता दोष आहे.

आता आपल्या कामाचा मुद्दा. या मोहिमेने कारण सांगण्याची पद्धत बदलली, मागणी बदलली नाही. ‘लग्न’ हा शब्द अनेकांना खटकत होता, ‘सिव्हिल युनियन’ हा मवाळ पर्याय समोर ठेवलेला होता, तरी त्यांनी ‘लग्न’ सोडले नाही. आपल्याकडे नेमके उलट घडण्याचा धोका आहे. ‘जात’ म्हटले की ऐकणारा अस्वस्थ होतो, म्हणून प्रस्तावात आणि अहवालात ‘वंचित’, ‘दुर्बल घटक’, ‘असुरक्षित कुटुंबे’ असे शब्द येतात. गटारात माणूस मेला तर ती ‘सुरक्षा साधनांची कमतरता’ ठरते. आमच्या मते ही रणनीती नाही, माघार आहे. पण मसुदा टेबलावर असताना हे बोलायला तिथे कोणीतरी बसलेले असावे लागते.

त्या मोहिमेवरही आतून टीका झाली. पडद्यावर नीटनेटकी, घरदार असलेली जोडपी दिसली. गरीब, कृष्णवर्णीय आणि ट्रान्स लोकांचे प्रश्न मागे पडले. ती टीका आम्हाला रास्त वाटते. बहुसंख्याकांना पटेल असा चेहरा निवडला की चळवळीतला दुसरा कोणीतरी चौकटीबाहेर जातो.

चेहऱ्यावरून फोटोचा प्रश्न येतो. अनुदान देणाऱ्याचा माणूस वस्तीत कॅमेरा घेऊन आला की संस्थेचा कार्यकर्ता नाही म्हणू शकत नाही आणि ‘लाभार्थी’ बाई तर त्याहून नाही. तिने फॉर्मवर अंगठा उमटवला म्हणजे संमती झाली असे नव्हे. चांगला संवाद अधिकारी हे जाणतो. फोटो न दिल्याने मदत थांबणार नाही हे तो आधी सांगतो, मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवतो, नंतर नको वाटल्यास काढून टाकतो. आणि कधी कधी आपल्या फाउंडेशनचे नावच बातमीतून गाळतो, कारण काम दुसऱ्याने केलेले असते. वरिष्ठांना हे पटवणे सर्वात अवघड.

भारतात कायद्यामुळे हा भार आणखी वाढला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांपर्यंतच करता येतो आणि तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. तालुक्याच्या लहान संस्थेला लिहिणारा माणूस वेगळा ठेवणे आधीही परवडत नव्हते. त्यामुळे तिची गोष्ट बहुतेक वेळा पैसे देणाराच लिहितो.

या नोकरीसाठी पत्रकारितेची पदवीच हवी असे नाही. दोन पानांत प्रश्न मांडता येणे, अंदाजपत्रक वाचता येणे, मराठी बैठकीतले बोलणे अर्थ न गमावता इंग्रजीत नेता येणे याला जास्त किंमत आहे. ज्यांनी मोर्च्याची पत्रके लिहिली, जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदने दिली, त्यांचा अर्धा सराव झालेलाच आहे. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा: अनुदान ठरते त्या बैठकीला संवाद विभागाचा माणूस असतो का, की निर्णय झाल्यावर त्याला फक्त बातमी करायला सांगतात? आणि बातमीत जाणारे शब्द संबंधित वस्तीला आधी दाखवण्याची पद्धत आहे का?