मेंदूची ‘नस न् नस’ खरंच दिसते?

सिरसाळ्यात कुणाला लकवा मारला, की डोक्याचा एमआरआय काढायला अंबाजोगाई किंवा लातूर गाठलं जातं. त्यात मेंदूची नस न् नस दिसते, असं घरचे मानतात. रक्तस्राव, गाठ, रक्त न पोचलेला भाग दिसतो; चेतापेशींची आपसातली जोडणी दिसत नाही. २०२४ साली हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा उलगडला, तर त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी चेतासंधी, म्हणजे पेशींमधल्या जोडण्या, निघाल्या.

रंगीत चित्रांवरून मेंदू आतून चमकतो, असंही वाटतं. ती चमक उसनी आहे. ओसामु शिमोमुरांना १९६२ साली जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. मार्टिन चाल्फींनी १९९४ मध्ये त्याचं जनुक मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत घातलं आणि त्याच्या स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशी उजळल्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट त्याच कृमीच्या जिवंत चेतापेशींतली मालवाहतूक अशा प्रथिनांच्या उजेडात पाहतो.

सर्वांत चिवट समज हा, की दोन चमकते तंतू चिकटलेले दिसले म्हणजे ते जोडलेले. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतलं अंतर ओळखू येत नाही, आणि चेतासंधीतली फट असते २० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून संशोधकांनी चक्क रेबीजच्या विषाणूला कामाला लावलं. पिसाळलेला कुत्रा चावला की हा विषाणू एका चेतापेशीतून तिला संदेश देणाऱ्या पेशीत, असा उलटा चढत मेंदू गाठतो. (त्याआधीच लस घ्यायची असते. जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचंच.) २००७ साली या विषाणूचं एक जनुक काढून त्याला चमकणारं प्रथिन दिलं गेलं. आता तो ठरवलेल्या पेशीतून एकच पायरी मागे जातो आणि तिथेच थांबतो. उजळलेली पेशी जोडलेली, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. न उजळलेली मात्र जोडलेली नाहीच, असं म्हणता येत नाही. विषाणू काही पेशींपर्यंत पोचतच नाही.

मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा पूर्ण झाला की विचार वाचता येतील, हीही घाईच. कृमीच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ साली छापून आला, पण नुसत्या नकाशावरून त्याची प्रत्येक हालचाल आजही सांगता येत नाही. कोणती जोडणी कधी जागी होते, हे वेगळं पाहावं लागतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात उंदराला चित्रफिती दाखवत सुमारे ७५,००० चेतापेशींची लुकलुक आधी नोंदवली गेली, आणि मग त्याच घन मिलिमीटरभर भागाचे काप घेऊन ५२ कोटींहून अधिक चेतासंधी शोधल्या गेल्या.