बैठकीआधीची बैठक

गाडी पुणतांब्याच्या रस्त्याला लागली तेव्हा सिस्टरच्या मांडीवर एक पाठकोरा कागद होता. त्यावर चौकोन आणि वर्तुळं काढणं चाललेलं. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ बाईचं. माणूस हयात नसेल तर फुली. एका चुलीवर जेवणाऱ्यांभोवती एक सलग रेघ. मधल्या चौकोनात लिहिलेलं, ‘तात्या, ७१’. कागद भरता भरता सिस्टरनी तात्यांच्या थोरल्या सुनेला फोन लावला. "जावई येणारेत का? आले तर बोलतं कोण, ते का तुमच्या वन्स?"

तात्यांना गालाचा कॅन्सर आहे. शस्त्रक्रिया झाली, शेक देऊन झाले आणि आजार पुन्हा उलटला. आता जखम बाहेरून दिसते. पुढे काय करायचं हे ठरवायला आज घरातले सगळे बसणार आहेत. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, गृहभेटीला निघालेल्या या पथकात एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक चालक. आजच्या भेटीत सलाइन नाही, इंजेक्शन नाही. आजचं काम बोलण्याचं आहे, आणि त्याची तयारी आदल्या दिवसापासून सुरू आहे.

बोलणं हेही वैद्यकीय काम आहे आणि ते शिकावं लागतं, ही गोष्ट दवाखान्यांनी बरीच उशिरा मान्य केली. वॉल्टर बेली आणि रॉबर्ट बकमन या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह २००० साली वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या: जागा ठीक करा, त्यांना काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचं आहे ते विचारा, मग सांगा, भावना सावरू द्या, पुढचं ठरवा. कुटुंबाच्या बैठकीसाठी सविस्तर मार्गदर्शिका मेलबर्नच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये काढली. बैठक कोण चालवणार, रुग्णाची परवानगी घेतली का, घरच्यांचे प्रश्न आधी मिळवले का, नंतर नोंद कोण ठेवणार, असं सगळं तिच्यात आहे.

डॉक्टरांना मात्र दुसराच एक आकडा पाठ आहे, आणि तो ते वाटेत दोनदा सांगतात. फ्रान्समधल्या २२ अतिदक्षता विभागांत मरणासन्न रुग्णांच्या १२६ नातेवाइकांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांशी नेहमीच्या पद्धतीने बोलले, तर काहींशी ठरवून, ऐकण्यावर भर देऊन, आणि त्यांच्या हाती एक माहितीपत्रकही दिलं. नेहमीच्या बैठकीत घरच्यांना बोलायला मिळाली ५ मिनिटं, ठरवून घेतलेल्या बैठकीत १४. नव्वद दिवसांनी विचारणा केली तेव्हा या दुसऱ्या गटातल्या लोकांना धक्क्याची, चिंतेची आणि नैराश्याची लक्षणं कमी होती. पूर्ण बैठक जेमतेम १० मिनिटांनी लांबली होती. "पाच आणि चौदा," डॉक्टर म्हणतात, "एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ."

पुणतांब्याला बैठका नव्या नाहीत. २०१७ च्या शेतकरी संपाची हाक याच गावाने ग्रामसभेत ठराव करून दिली. गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं मृत्यूला चकवत राहिलेल्या या योग्याने अखेर देह ठेवला तो इथे, अशी श्रद्धा. वयाने लहान पण ज्ञानाने मोठ्या ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हे न सुचून त्यांनी कोरंच पत्र धाडलं, ही गोष्ट इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. घरात मरणाविषयी बोलायची वेळ आली की मायन्याशीच सगळ्यांचं अडतं.

घर वस्तीवर आहे, रस्त्यापासून उसातून थोडं आत. पडवीत पाय ठेवण्याआधी वास येतो. कुजत्या जखमेचा वास उदबत्तीने झाकत नाही, उलट दोन्ही मिसळून अधिकच नाकात बसतात. घरातलं कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सून चहा टाकते, थोरला सतरंजी अंथरतो.

तात्यांची खाट आतल्या खोलीत. थोरला हलक्या आवाजात म्हणतो, "त्यांच्यासमोर नको ना. त्यांना आम्ही गाठ सांगितलीय." हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॅन्सर वॉर्डात रोज ऐकू येतं आणि ते मायेपोटीच येतं. पण मुंबईला टाटाला दोन खेपा झाल्यावर माणसाला काय कळायचं राहतं? सिस्टर थोरल्याशी वाद घालत नाहीत. आत जाऊन खाटेच्या कडेला बसतात. "तात्या, घरात तुमच्याविषयी बोलायचंय. तुम्ही बसता, का थोरल्याने तुमच्या वतीने बोलायचं?" तात्यांना नीट बोलता येत नाही, म्हणून उशाला वही असते. ते लिहितात, ‘बसतो.’ खाट पडवीत येते.

मार्गदर्शिका सांगते की जागा खासगी असावी, माणसं आधी ठरलेली असावीत. इथे चहाच्या वासाबरोबर चुलतभाऊ येऊन टेकतात, मागोमाग शेजारचा एकजण. सिस्टर कोणालाही उठवत नाहीत. तात्यांना विचारतात, हे बसले तर चालेल ना? मान हलते, आणि कागदावर एक चौकोन वाढतो. शेजारी मात्र आपणहून उठून जातो. मेलबर्नला सुचलेला कागद पुणतांब्यात चालवायचा तर तो असाच चालतो, आणि त्यात गैर काही नाही.

धाकटा पिंपरी-चिंचवडला नोकरीला, तो फोनच्या पडद्यावर आहे. लांब राहणारं मूल शेवटच्या टप्प्यात येऊन ‘सगळे उपचार करा’ म्हणून अडून बसतं, हे इतकं सार्वत्रिक आहे की अमेरिकी वैद्यकाच्या एका नियतकालिकात १९९१ साली त्याला ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ असं नावच पडलं. नाव खोडसाळ आहे आणि त्या मुलीवर अन्याय करणारंही. लांबच्या माणसाने रोजची उतरण पाहिलेली नसते. त्याच्या डोळ्यांपुढे दिवाळीतले वडील असतात. सिस्टरनी धाकट्याला आदल्या संध्याकाळी फोन करून बराच वेळ बोलू दिलं होतं. खरी बैठक बहुधा तीच.

तरी तो म्हणतोच, "अजून एक केमो देऊन बघू. एखादं एकर विकू, पण काहीतरी करू." थोरला जमिनीकडे बघतो. आई पदराचं टोक पिळते.

डॉक्टर फाइल उघडून स्कॅनबद्दल सांगायला लागतात. जे सांगतात ते सगळं खरं आहे. सिस्टर त्यांच्याकडे न बघता पेनाचं टोक फाइलवर दोनदा टेकवतात. डॉक्टर थांबतात. कोणीच काही बोलत नाही. ही शांतता वाटते त्याहून खूप लांब असते, आणि ती सहन करणं हेच या कामातलं कौशल्य. शिकलेल्या माणसाला ती मोडण्याची घाई असते. सिएटलच्या रुग्णालयांतल्या अशा बैठका ध्वनिमुद्रित करून पाहिल्या तेव्हा कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम २९ टक्के वेळ आला होता, बाकी सगळा डॉक्टर-नर्सच्या. तो अभ्यास २००४ सालचा.

मग तात्या वही ओढतात. बराच वेळ लिहितात. थोरला वाचायला घेतो आणि मध्येच अडतो, तेव्हा सून पुढे होऊन वाचते: ‘मुंबई नको. वासाचं बघा. नात जवळ येईना.’

एका एकराची किंमत ठरत होती, आणि खाटेवरच्या माणसाचं दुखणं भलतंच होतं. त्यावर उपायही होता, तोही स्वस्त. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर टाकली की वास आणणारे जंतू मरतात आणि काही दिवसांत वास बराच उतरतो. सिस्टर सुनेला तिथल्या तिथे पूड करून दाखवतात. वासाचा प्रश्न आधीच्या कुठल्याही तपासणीत कोणी विचारला नव्हता, आणि तात्याही आपण होऊन बोलले नव्हते.

पुढचं भराभर होतं. दुखण्यासाठी मॉर्फिन, दर चार तासांनी. ‘सवय लागेल का’ ही धाकट्याची शंका. वेदनेसाठी मोजून दिलेल्या औषधाचं व्यसन सहसा लागत नाही, हे उत्तर. २०१४ मध्ये कायदा बदलून परवान्यांची साखळी सुटसुटीत झाली, तरी हे औषध खेड्यापर्यंत पोचवायला अजून कोणीतरी पायपीट करावीच लागते. नळीने खाणं द्यायचं का, श्वास लागला तर कुठे न्यायचं, हेही निघतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उपचारांबाबतच्या अंतिम इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. वस्तीवरच्या घरात असा कागद कोण करतं? इथे माणसाची इच्छा कळायला अशी बैठकच लागते, आणि त्या बैठकीत तो माणूस हवाच. घरच्यांच्या मायेपुढेही हा आग्रह सोडू नये.

अशा रुग्णांसाठी मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. केंद्र सरकारचा याच सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. पण या पथकाच्या मासिक अहवालात रकाने आहेत ते भेटी, ड्रेसिंग आणि गोळ्यांचे. आदल्या संध्याकाळच्या फोनला त्यात जागा नाही, वाटेतल्या चौकशीला नाही, पेनाच्या त्या दोन टोकण्यांना तर नाहीच. पाच मिनिटांची चौदा मिनिटं होतात ती या न मोजलेल्या कामामुळे, आणि ते करणारी बहुतेक वेळा सिस्टर असते. तो रकाना वाढलाच पाहिजे.

दोन दिवसांनी सिस्टर ठरल्याप्रमाणे फोन करतात. सून सांगते, वास उतरलाय, रात्री झोप लागली. मग धाकट्याचा नंबर. केमोचा विषय तो काढत नाही. विचारतो, रजा शिल्लक आहे पंधरा दिवसांची, ती कधी टाकू, म्हणजे अगदी शेवटी उपयोगी पडेल?

"आत्ता टाका," सिस्टर म्हणतात. "आत्ता ते बसतायत, लिहितायत. जमिनीचं, विहिरीचं काय विचारायचं ते विचारून घ्या. आणि येताना नव्या वह्या आणा दोन, ही संपत आलीय."