क्रमांकाला नाव विचारताना

पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ते खरे कशावरून? ई-मेलच्या जगात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रापाशी विचारला जातो. त्याच्या उत्तराचा एक भाग म्हणजे रिव्हर्स डीएनएस. आपण तिला ‘उलट नोंद’ म्हणू या.

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या एखाद्या कोसा विणकराने इंटरनेटवर स्वतःचे नाव घेतले आणि मेलचा सर्व्हरही स्वतःच उभा केला. मुंबईच्या गिऱ्हाइकाने साडीचा भाव विचारला, याने लगेच उत्तर धाडले. ते वाटेतूनच परत आले किंवा ‘स्पॅम’च्या अडगळीत पडले. गिऱ्हाइकाला वाटले, माणूस बेफिकीर दिसतो. कसूर उत्तरात नव्हती, नोंदच नव्हती.

इंटरनेटवरच्या सर्व्हरला नाव असते, तसा क्रमांकही असतो. त्याला आयपी म्हणतात. नावावरून क्रमांक सांगणारी वही म्हणजे डीएनएस. तिची मांडणी १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी केली. क्रमांकावरून नाव सांगते ती उलट नोंद, म्हणजेच ‘पीटीआर’. पत्र दारात आले की घेणारा सर्व्हर क्रमांकावरून नाव विचारतो, मग त्या नावावरून पुन्हा क्रमांक. दोन्ही जुळले, तर पत्रावर विश्वास बसतो. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून आपल्याकडे मेल पाठवणाऱ्या सर्वांनाच ही अट घातली आहे.

ही नोंद लिहितातही उलटी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला आपला पिनकोड आठवा. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी. पिनकोड मोठ्या विभागाकडून लहान टपाल कार्यालयाकडे जातो. आयपीही तसाच. इंटरनेटवरचे नाव मात्र घराकडून देशाकडे जाते. म्हणून २०३.०.११३.२५ या क्रमांकाची नोंद २५.११३.०.२०३ अशी फिरवून, पुढे ‘इन-अ‍ॅडर.अर्पा’ जोडून ठेवतात.

खरी अडचण पुढेच आहे. नाव तुम्ही घेतलेले, त्याची वही तुमच्या हाती. क्रमांक मात्र इंटरनेट कंपनीने किंवा सर्व्हर भाड्याने देणाऱ्याने दिलेला, आणि त्याची वही त्यांच्याकडे. त्यामुळे नाव विकणाऱ्याकडे कितीही खेटे घातले तरी काम होत नाही. क्रमांक देणाऱ्याकडे स्थिर आयपी मागावा आणि सर्व्हरचे पूर्ण नाव लेखी कळवून उलट नोंद करून घ्यावी. भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा त्यासाठी वेगळा रकाना असतो. घरगुती जोडणीत पुष्कळदा अनेक घरे एकाच क्रमांकामागे असतात. तिथे हे जमत नाही.

नोंद झाल्यावर ‘एनएसलुकअप’ या आज्ञेपुढे क्रमांक लिहून पाहावा, मग नाव लिहून पाहावे. दोन्हीकडून एकच उत्तर आले पाहिजे. सर्व्हर बोलणे सुरू करताना स्वतःचे जे नाव सांगतो, तेही हेच असावे. एवढ्याने सारे भागत नाही. एसपीएफ आणि डीकेआयएम या खुणाही लागतात. पण ही पहिली ओळख नसेल, तर पुढचे बोलणे ऐकायला बहुतेक सर्व्हर थांबत नाहीत.