घाई आणि वेग: नेम धरणाऱ्या नजरेविषयी थोडं
(बोईसर इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज बंदुकीच्या साइटवर बोलणार, याचं तुम्हाला नवल वाटत असेल. कारण सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी इथंच तारापूर एमआयडीसीत शिफ्टला असतो. त्याची मुलगी कॉलेजात आहे आणि २५ मीटर पिस्तूल हा प्रकार करते. घरी भिंतीवर एअर पिस्तूलचा सराव, आणि जमेल तेव्हा डहाणू लोकल पकडून मुंबईच्या रेंजवर पॉइंट टू-टू. परवा घरी आली आणि म्हणाली, "आजोबा, लाल ठिपक्याची साइट घेऊ का? वेग वाढेल म्हणतात." किंमत ऐकली, तर बापाचा दोन महिन्यांचा ओव्हरटाइम! बाप गप्प बसला होता. नको म्हणवत नव्हतं आणि हो म्हणणं झेपत नव्हतं.

तिने मोबाइलवर अमेरिकेतल्या पोलादी लक्ष्यांच्या स्पर्धा पाहिल्या होत्या. 'स्टील चॅलेंज' हा प्रकार तिकडे १९८१ मध्ये सुरू झाला. समोर पाच पोलादी पाट्या असतात, साधारण ७ ते ३५ यार्डांवर. टायमर वाजला की पाचही पाट्यांवर एकेक गोळी मारायची, आणि ठरलेली पाटी सगळ्यात शेवटी. ठण्ण आवाज आला की लागली. यात पॉइंट टू-टू रिमफायरचे वेगळे गट असतात. रिमफायर म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या काठातच पेटणारा मसाला भरलेला असतो, मधोमध वेगळी टोपी नसते. धक्का कमी आणि काडतूस स्वस्त, म्हणून शिकणाऱ्याला हे सोयीचं.

आता साइट कशाला लागते ते बघू. साध्या पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक उंचवटा. या उंचवट्याला आपल्याकडे जुने लोक 'माशी' म्हणत. खाच, माशी आणि लक्ष्य या तीन वस्तू तीन अंतरांवर आहेत, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. मग स्पष्ट काय दिसायला हवं? बहुतेकांचं उत्तर असतं, लक्ष्य! द्रोणाचार्यांनी परीक्षा घेतली तेव्हा अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. पण पिस्तुलाचा गुरू उलटं सांगतो. माशी स्पष्ट दिसू दे, लक्ष्य धूसर राहिलं तरी चालेल.

याचं गणित सोपं आहे. समजा खाच आणि माशी यांत २० सेंटिमीटर अंतर आहे. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत चुकते. पण खाच आणि माशी एका रेषेत ठेवून सगळा हातच एक मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीही एकच मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे हात थोडा हलतो ही मोठी चूक नव्हे. हाताच्या हलण्याला घाबरून मनगट वाकवणं, ही मोठी चूक.

लाल ठिपक्याची साइट हे तिघांचं भांडण मिटवते. तिच्या काचेत ठिपका असा दिसतो की जणू तो लक्ष्याच्याच अंतरावर आहे. दोन्ही डोळे उघडे, नजर लक्ष्यावर, ठिपका तिथं आला की दाबा. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्याला हातभर अंतरावरची माशी चष्म्याशिवाय दिसत नाही, हे वरदानच. मग दुर्बीण का नको? दुर्बिणीत लक्ष्य मोठं दिसतं, पण दिसणारा प्रदेश लहान होतो. एक पाटी मारल्यावर पुढची शोधावी लागते. शिवाय डोळा नेमक्या अंतरावर धरावा लागतो. पाच पाट्यांच्या खेळात हे महाग पडतं.

ठिपक्याचा आकारही खेळावर ठरतो. सहा मिनिटांच्या कोनाचा ठिपका २५ मीटरवर सुमारे ४४ मिलिमीटर झाकतो. बारा इंची पाटीवर तो ठसठशीत आणि सोयीचा. पण ५० मीटर रायफलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथं हा ठिपका सगळंच झाकून टाकेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, ते बारीक छिद्राच्या साइटने. वर्तुळात वर्तुळ बसवायचं काम डोळा आपसूक करतो. म्हणजे 'उत्तम साइट कोणती' हा प्रश्नच अपुरा आहे. उत्तम कशासाठी, ते आधी सांगा.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. ठिपका फुटलेला, शेपटीसारखा दिसला तर लगेच साइटला दोष देऊ नका. मोबाइलने त्याचा फोटो काढा. फोटोत ठिपका गोल असेल तर दोष आपल्या डोळ्याचा, आधी चष्मेवाल्याकडे जा.

आता वेगाकडे येतो. पाच गोळ्या तीन सेकंदांत, असं समजा. पहिली एका सेकंदाला, मग अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार. नवशिका बोट भरभर दाबायला लागतो. पण त्या अर्ध्या सेकंदात बोटाचा वाटा थोडाच असतो. बराचसा वेळ बंदूक एका पाटीवरून दुसरीवर नेण्यात आणि तिथं थांबवण्यात जातो. म्हणून क्रम असा: गोळी सुटली की आधी डोळा पुढच्या पाटीच्या मध्यावर, मग बंदूक त्याच्यामागे. ठण्ण ऐकायला थांबायचं नाही. गोळी सुटताना ठिपका कुठं होता हे दिसलं असेल, तर लागली की नाही ते कानाआधी कळतं.

इथं मला न्यायशास्त्र आठवतं. नैयायिक म्हणतात की मन अणू आहे, ते एका क्षणी एकाच ठिकाणी लागतं. मग अनेक गोष्टी एकदम कळल्यासारख्या का वाटतात? त्यांचा दृष्टान्त बघा. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुईने भोसकल्या, तर वाटतं सगळ्या एकदम भोसकल्या. खरं तर सुई एकेक करूनच गेलेली असते. पाच पाट्यांचा खेळ नेमका हाच आहे. बघणाऱ्याला झपाटा दिसतो, पण मारणाऱ्याच्या मनात एका वेळी एकच पाटी असते. एक करताना मन दुसरीत अडकलं की तिला म्हणायचं घाई. एक पूर्ण करून मन रिकामं होऊन दुसरीकडे गेलं, तर तो वेग. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात बरं का!

नियमही हेच शिकवतात. बहुतेक टप्प्यांत पाच फेऱ्या असतात, सर्वांत संथ फेरी सोडून चारांची बेरीज धरतात. पाटी चुकून तशीच राहिली तर तीन सेकंदांचा दंड. एकीने प्रत्येक फेरी तीन सेकंदांत स्वच्छ मारली, तिची बेरीज १२. दुसरीने अडीच सेकंदांत मारल्या, पण दोन फेऱ्यांत एकेक पाटी सुटली. त्या दोन फेऱ्या साडेपाचच्या झाल्या. एक सोडून दिली तरी बेरीज १३! एक चूक खेळ पोटात घालतो, दुसरी घालत नाही. कारखान्यात शिफ्ट केलेल्यांना हे मी काय सांगावं? घाईत चुकीचा व्हॉल्व्ह फिरला, तर वाचवलेल्या मिनिटाचा हिशेब कोण मागतो?

तर त्या मुलीला काय सांगितलं? पहिलं म्हणजे, तिचा खेळ २५ मीटर पिस्तूल, आणि त्यात ठिपक्याची साइट चालतच नाही, साधी खाच-माशीच लागते. या खेळात रॅपिडच्या टप्प्यात हात खाली, प्रत्येक गोळीला तीन सेकंद आणि मध्ये सात सेकंदांची विश्रांती. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकली, तेही बरोबरी होऊन शूट-ऑफमध्ये. तिथं तीन सेकंद सगळ्यांना सारखेच होते. प्रश्न ते कसे वापरायचे, एवढाच.

मग तिला विचारलं, "तुझ्या गोळ्या जातात कुठं?" म्हणाली, "खाली, डावीकडे." उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी तिकडे जाते ती बहुधा घोडा ओढण्याऐवजी झटकल्यामुळे. कुठलीही साइट हे दुरुस्त करत नाही. ठिपका फार तर ती झटक दाखवून देईल. आणि ते काम फुकटातही होतं: पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरून, कोऱ्या भिंतीसमोर घोडा ओढायचा आणि माशी हलते का ते बघायचं. रोज पन्नास वेळा, आधी सावकाश. माशी हलली नाही, तरच वेळ दशांशाने कमी करायचा.

पोलादावर कधी मारायची संधी मिळाली, तर चष्मा आणि कानाचं संरक्षण हवंच. पाटी किंचित पुढं झुकलेली असली की शिशाचे तुकडे जमिनीकडे जातात, तरी काही उडतातच. डोळा गेला तर साइटची चर्चा कशाला?

ती निघताना बापाकडे बघून म्हणाली, "पप्पा, नको मग. काडतुसांना पैसे ठेवू." बापाने मान हलवली, पण चेहरा पडलेलाच होता. पोरीला काही देता आलं नाही, असं वाटलं असावं त्याला. मी म्हटलं, अरे, रात्रपाळी करून तू तिला रेंजवर जायला एक रविवार मोकळा देतोस, ती साइटच आहे.

एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ, एका वेळी एकच!