आमच्या गावच्या भिंतींना भेगा का पडतात?

आमच्या माजघराच्या भिंतीला एक भेग आहे. दाराच्या कोपऱ्यापासून ती तिरपी वर गेली आहे. उन्हाळ्यात तिच्यात माझी पेन्सिल सहज जात होती. पावसाळ्यात भेग बारीक झाली, पण मग दारच लागेना. बाबांनी दोनदा सिमेंट भरले, दोन्ही वेळा ते गळून पडले. त्या भिंतीजवळ माझी धाकटी बहीण झोपायची. म्हणून मी गुरुजींना विचारले.

गुरुजी म्हणाले, "भिंतीचा दोष नाही, खालची माती हलते." मला आधी खरे वाटले नाही. पण आजोबांना ते ठाऊकच होते. ते म्हणाले, "अरे, कायी माती पान्यात फुगते अन् उन्हायात फाटते. तिले काय मालूम, वर घर हाय म्हनून?"

आपली काळी माती काळ्या दगडापासून झाली. तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. या मातीचे कण फार बारीक असतात आणि त्यांत वहीच्या पानांसारखे थर असतात. थरांमध्ये पाणी शिरले की पाने दूर होतात आणि माती फुगते. पाणी आटले की पाने जवळ येतात आणि माती आकसते. अशा चिकणमातीचे नाव माँटमोरिलोनाइट. गुरुजींनी ते फळ्यावर दोनदा लिहिले तेव्हा मला उतरवता आले.

मी दोन वाट्या घेतल्या. एकीत काळी माती, दुसरीत मुरूम. दोन्हींत पाणी घालून उन्हात ठेवल्या. काळी माती वाटीच्या काठापासून सुटली आणि मधोमध तडकली. मुरूम तसाच राहिला.

सगळे घर एकदम वरखाली झाले असते तर भेग पडली नसती. पण पावसाचे पाणी घराच्या कडेने मुरते, मधल्या जमिनीखाली कमी जाते. त्यामुळे कोपरा उचलतो आणि मधला भाग तिथेच राहतो. मग भिंत तिरपी फाटते. न्हाणीचे पाणी भिंतीशी सोडले तर आणखी वाईट. आमचे तसेच होते!

अशी हलणारी जमीन फक्त आपलीच का, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, फार थंड देशांतही आहे, पण तिथे कारण बर्फ. रशियाच्या सैबेरियात जमिनीखालची माती वर्षानुवर्षे गोठलेली असते. आता हवा गरम होत आहे, म्हणून आतला बर्फ वितळतो आणि जमीन खचते. २९ मे २०२० रोजी नोरिल्स्क या शहराजवळ डिझेलची मोठी टाकी फुटली. तिच्याखालचा आधार खचला होता. सुमारे २० हजार टन डिझेल सांडले आणि नदी लाल झाली. याकुत्स्क शहरात तर इमारती खांबांवर उभ्या करतात, म्हणजे घराच्या उबेने खालचा बर्फ वितळत नाही. तिथले शास्त्रज्ञ जमिनीत खोल भोके पाडून आत किती बर्फ आहे आणि किती थंडी आहे ते मोजतात, आणि कुठे धोका आहे त्याचा नकाशा करतात.

मातीचे नकाशे आपल्याकडेही होतात. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची मोठी राष्ट्रीय संस्था आहे. पण त्यात आमचे माजघर कुठून दिसणार? म्हणून मी गावाचा नकाशा काढला.

भोके पाडायला माझ्याकडे यंत्र नाही. पण गावात विहिरी आहेत! आजोबांचा हात धरून मी सहा विहिरी पाहिल्या. काळी माती किती फुटांवर संपते आणि मुरूम कुठे लागतो, ते विहिरीच्या कडेला दिसते. नाल्याकाठी मुरूम आठ-नऊ फुटांवर, टेकडीकडे दीड-दोन फुटांवर. मग भेगा असलेल्या घरांना लाल खुणा केल्या. बहुतेक लाल खुणा नाल्याकडेच आल्या. एक घर मात्र चुकले. ते खोल काळ्या मातीत आहे, तरी भेग नाही. विचारले तर कळले, त्यांचा पाया मुरुमापर्यंत नेलेला आहे.

आम्हाला नवे घर बांधायचे आहे. गवंडीकाका म्हणाले, दोन फूट पाया पुरे. माझ्या नकाशाप्रमाणे तिथे मुरूम सात फुटांवर होता. बाबांनी खड्डा खणून पाहिला. साडेसहा फुटांवर लागला. तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी नकाशा मागून घेतला. रुडकीच्या इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब शोधले आहेत. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात. पण तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत. खळ्याच्या जागेवर मुरूम दीड फुटावर आहे, तिथे बांधावे असे बाबांना वाटते. आई म्हणते, तिथून पाणी लांब पडते. अजून ठरायचे आहे. बहिणीची खाट मात्र आम्ही दुसऱ्या भिंतीकडे नेली.

भेगेवर मी खडूने आडवी रेघ मारून तारीख लिहिली आहे. दर महिन्याला पट्टीने मोजतो. मे महिन्यात ९ मिलिमीटर होती, ऑगस्टमध्ये ४.

नकाशा शेजारी डकवला आहे. पालकांनी आपले घर शोधावे. भेग आहे आणि लाल खूण नाही, असे असेल तर मला सांगावे. लाल खडू माझ्याजवळ आहे.

– इयत्ता चौथी